चहावरचा कर की चहावरची जकात?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना बोस्टनच्या चहाबाबत कुठे ‘चहावरील कर’ तर कुठे ‘चहावरील जकात’ असे आढळते. योग्य शब्द कोणता?

मी ‘जकात’ लिहीन, पण ‘कर’ लिहिणाऱ्याची चूक काढणार नाही. हा घोळ भाषांतरकारांनी घातलेला नाही. तिकडे याच दोन शब्दांवरून वर्षानुवर्षे भांडण चालले होते.

जकात म्हटले की आपल्याला नाका आठवतो. माल अडवायचा, मोजायचा, पैसे घेऊन सोडायचा. (मूळ अरबी शब्द दानधर्माचा, आपल्याकडे येऊन तो नाक्यावर बसला. मुंबईत २०१७ पर्यंत बसून होता.) ‘कर’ त्याहून व्यापक. तो घरावर बसतो, उत्पन्नावर बसतो.

फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा इंग्लंड कर्जात बुडालेले होते, शिवाय अमेरिकेतल्या फौजेचा खर्च होताच. म्हणून १७६५ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. करारपत्रे, वर्तमानपत्रे, पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकाखाली आले. इथे आपला नोंदणी कार्यालयातला ‘मुद्रांक शुल्क’ हा शब्द चपखल बसतो. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचे म्हणणे, पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग हा पैसा मागणारे तुम्ही कोण? पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. त्याआधी वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने पार्लमेंटच्या कॉमन्स सभेत साक्ष देताना सांगितले होते की लोकांचा राग अंतर्गत करावर आहे, व्यापाराला शिस्त लावणाऱ्या बंदरातल्या जकातीवर नाही.

हे बोलणे अंगाशी आले. अर्थमंत्री टाउनशेंडने १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर बंदरातच आकारणी सुरू केली. जकात चालते ना, मग ही घ्या! त्यावर पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने जो भेद केला तो मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. व्यापाराला वळण लावायला घेतली तर ती जकात. तिजोरी भरायला घेतली तर नाव काहीही ठेवा, तो करच. म्हणजे त्याच्या मते पैसे कुठे घेतले यापेक्षा कशासाठी घेतले, यावर शब्द ठरतो.

१७७० मध्ये बाकीची आकारणी रद्द झाली, चहावरची पौंडभर वजनामागे तीन पेन्स तेवढी राहिली. चहा महागला म्हणून लोक चिडले, असे पुष्कळदा लिहितात, ते खरे नाही. १७७३ च्या कायद्याने आपल्याही ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता. स्वस्त चहा घेतला की तीन पेन्सही मुकाट मान्य केल्यासारखे झाले असते. १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. मग बोस्टनचे बंदर बंद झाले आणि एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला युद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धची तक्रार आहे ती संमतीवाचून बसवलेल्या करांची. तिथे ‘जकात’ लिहून चालणार नाही. बंदरातल्या चहापुरते लिहिताना मात्र जकातच.

क्रियापदही जपून वापरावे. पार्लमेंटच्या बाजूने लिहिताना कर ‘बसवला’, बोस्टनच्या बाजूने ‘लादला’.