करारात मुदत आणि प्रदेश लिहिलाय का?

प्रश्न : आमचं गडचिरोली जिल्ह्यातलं खडी गंमतीचं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचं, मंडळ आहे. भंडारा, गोंदियाकडची मंडळं आणि आम्ही एकमेकांचे व्हिडिओ पुढे पाठवतो, खाली इंग्रजीत अर्थ देतो. त्यामुळे परदेशातूनही लोक ऐकायला लागले. 2019 च्या दिवाळीत एका स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं. तोच माणूस आता आमच्या नव्या व्हिडिओंवर यूट्यूबवर दावा लावतो आणि पैसे त्यालाच जातात. 'गाण्यांचे सर्व हक्क दिले' अशा स्टॅम्पपेपरवर आमच्या सह्या आहेत. आता काय करावं?

उत्तर : भाऊ, अशी पत्रं झाडीपट्टीतून, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातून, वारंवार येतात आणि प्रत्येकात सही आधी होते, वाचन नंतर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर गाण्यांची यादी आहे, पाच सह्या आहेत, 'सर्व हक्क' आहेत. किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, हे मात्र कुठेच नाही. तुमचं प्रकरण इथेच ठरतं.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. कलम 39अ मुळे हाच नियम कलावंताच्या सादरीकरणाच्या हक्कालाही लागू होतो. म्हणजे 2019 चा कागद 2024 मध्येच संपला. परदेशातल्या श्रोत्यांवर तर या कागदाने त्याला पहिल्या दिवसापासून हक्क मिळालेला नव्हता. पण पानाची मागची बाजू पाहा, वेगळी पावती किंवा दुसरा करार आहे का तेही शोधा. कुठे 'कायमस्वरूपी' किंवा 'संपूर्ण जगासाठी' लिहिलं असेल, तर माझं उत्तर बदलेल.

त्याची जुनी ध्वनिमुद्रणं मात्र यूट्यूबवर टाकू नका. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट सहसा निर्मात्याचा असतो. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, ढोलकी-डफावर तुम्ही स्वतः गायलेलं, मोबाइलवर टिपलेलं वेगळं. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नाही. तुमच्या शाहिरांच्या स्वतःच्या रचना असतील तर त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

राग येतो तो उशिराचा. दावा आला आणि तुम्ही आठ महिने स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवत राहिलात. पाच दिवसांत हरकत घेतली असती तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई यूट्यूबने अडवून ठेवली असती. आता घेतलीत तर ती हरकतीच्या दिवसापासूनची असेल. तरी आजच घ्या. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. त्याने व्हिडिओ काढायला लावला तर यूट्यूबला प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ परत ठेवण्याची लेखी मागणी, द्यायची. मग 10 कामकाजाच्या दिवसांत त्याला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. गेलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा करता येईल, पण भरपाईची मुदत तीन वर्षांची आहे आणि कोर्टाच्या तारखा कशा पडतात हे तुम्हाला सांगायला नको. किती मिळेल याचा शब्द मी देत नाही.

सोबतच्या मंडळांशीही आता लिहून घ्या : कोणतं गाणं, किती काळ, कुठल्या देशांत, कमाईची वाटणी कशी आणि चॅनल कुणाच्या नावावर. आज चॅनल एकाच्याच मोबाइल नंबरवर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मूळ स्टॅम्पपेपर, दाव्याचा ईमेल आणि नव्या व्हिडिओंच्या मूळ फाइल घेऊन या आठवड्यातच जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला भेटा.