पेल्यातले पाणी वर का चढते?

प्रश्न : माझी नात सातवीत शिकते. बशीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला, की थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते, हा प्रयोग तिने घरी करून दाखवला. हवेतील एक पंचमांश प्राणवायू जळून नाहीसा झाला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, असे तिला वर्गात सांगितले आहे. आमच्याकडे मात्र पाणी कधी पाव पेला चढते, तर कधी जेमतेम बोटभर. आमचे काय चुकते?
— एक आजोबा, कोथरूड, पुणे

उत्तर : आपला प्रयोग बरोबर आहे, चुकते ते स्पष्टीकरण, आणि ते इतक्या पिढ्या सांगितले गेले आहे की आम्हीही शाळेत तेच पाठ केले होते. पुढच्या वेळी पेला ठेवताना त्याच्या काठाकडे लक्ष द्यावे. ज्योतीच्या उष्णतेने आतील हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग काठाखालून बुडबुडे होऊन निसटतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते, आतील दाब उतरतो आणि बाहेरची हवा बशीतील पाणी आत रेटते. म्हणूनच मेणबत्ती जळत असेपर्यंत पाणी फारसे हलत नाही आणि विझताच भराभर चढते. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पेला तोच आणि त्यातील प्राणवायूही तेवढाच असतो, तरी पाणी अधिक वर जाते.

प्राणवायू ‘नाहीसा होतो’ हेही खरे नाही. मूलद्रव्याचे अणू ज्वलनात नष्ट होत नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. हवेत प्राणवायूचे अणू दोन-दोन मिळून रेणूच्या रूपात असतात. ज्वलनात ही जोडी फुटते आणि ते मेणातील कार्बन व हायड्रोजन यांच्याशी जोडले जातात. खर्च झालेल्या प्राणवायूच्या दर तीन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दोन रेणू तयार होतात आणि ते बहुतांशी पेल्यातच राहतात. पाण्याची वाफ तेवढी काचेवर धुरकट थर होऊन बसते. शिवाय प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ पर्यंत उतरले, की मेणबत्ती तग धरत नाही. म्हणजे ती विझते तेव्हा बराचसा प्राणवायू शिल्लकच असतो.

ज्वलनात प्राणवायू नष्ट होत नाही, फक्त दुसऱ्या पदार्थाशी जोडला जातो, ही गोष्ट अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंद उपकरणात पारा बारा दिवस तापवून दाखवली होती. सुमारे ५० घनइंच हवेतील सात-आठ घनइंच हवा कमी झाली आणि पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. ती भुकटी अधिक तापवली तेव्हा जवळपास तेवढाच वायू परत बाहेर आला.

नातीला खरोखरच एक पंचमांश मोजायचा असेल, तर जाळण्याऐवजी गंजवावे. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात लाकूड घासण्याचे बारीक स्टील वूल मिळते (भांड्यांची चकचकीत तारेची घासणी नको, ती सहसा गंजत नाही). त्यावरचा तेलकट थर जावा म्हणून ते व्हिनेगरमध्ये बुडवून झटकावे, लांब परीक्षानळीच्या तळाशी बसवावे आणि नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करावी. गंज हा घन पदार्थ असल्याने लोखंडाला चिकटलेला प्राणवायू वायूच्या हिशेबातून पुरता बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत पाणी नळीच्या सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत चढते आणि तिथेच थांबते. वर उरतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि शेकडा एकाहून थोडा अधिक आर्गॉन. मग नळीचे तोंड पाण्यातच अंगठ्याने दाबून ती सरळ करावी आणि पेटती काडी आत सोडावी; ती तत्काळ विझेल.