वाचकांचे प्रश्न : आठ अणुभट्ट्यांची ‘एंटरप्राइझ’

अमेरिकी नौदलाची ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी जगातली पहिली विमानवाहू नौका. २५ नोव्हेंबर १९६१ ला ती नौदलात दाखल झाली आणि १ डिसेंबर २०१२ ला तिचं सक्रिय काम थांबलं. आपल्याकडे हे नाव १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी घरोघरी पोचलं, ते ‘सातव्या आरमाराची नौका’ म्हणून. तिच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत.

एंटरप्राइझवर आठ अणुभट्ट्या होत्या आणि नंतरच्या नौकांवर दोनच, असं वाचलं. आठ कशाला लागल्या? — शिक्षक, सातारा

आराखडा केला तेव्हा हाताशी अनुभव होता तो तेलाच्या बॉयलरचा. आधीच्या ‘फॉरेस्टल’ वर्गाच्या नौकांवर आठ बॉयलर आणि चार शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारे दांडे) होते. तोच साचा ठेवून प्रत्येक बॉयलरच्या जागी एक अणुभट्टी बसवली, म्हणजे एका शाफ्टला दोन. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या माळरानावर याची जमिनीवरची प्रतिकृती आधी उभी केली होती, तीही दोन भट्ट्या आणि एक शाफ्ट अशीच. तिथे जे चाललं ते नौकेवर चार वेळा मांडलं. भट्टीचं नाव ‘ए२डब्ल्यू’: ‘ए’ विमानवाहू नौकेचा, २ म्हणजे दुसरा आराखडा, ‘डब्ल्यू’ वेस्टिंगहाउस कंपनीचा.

आत काय चालतं ते थोडक्यात असं. भट्टीतलं पाणी प्रचंड दाबाखाली ठेवतात, त्यामुळे ते तापतं पण उकळत नाही. हे पाणी वाफजनित्राच्या नळ्यांतून फिरतं. नळ्यांच्या बाहेर वेगळं, स्वच्छ पाणी असतं, ते उकळून त्याची वाफ होते. वाफ टर्बाइन फिरवते, मग समुद्राच्या पाण्याने थंड केलेल्या कंडेन्सरमध्ये तिचं परत पाणी होतं आणि फेरा पुन्हा सुरू. एंटरप्राइझवर अशी ३२ वाफजनित्रं होती, दर भट्टीमागे चार. चारही शाफ्ट मिळून २ लाख ८० हजार अश्वशक्ती.

या रचनेत जपावं लागतं ते नळ्यांना. वाफजनित्राची नळी झिरपली तर भट्टीकडचं किरणोत्सारी पाणी स्वच्छ बाजूला येतं. कंडेन्सरची नळी झिरपली तर उलट दुखणं: समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि त्यातलं क्लोराइड वाफजनित्राच्या धातूला चिरा पाडू शकतं. म्हणून पाण्याचे नमुने काढून त्यातला क्षार तपासणं हे रोजचं काम, त्यात सुट्टी नाही. आठ भट्ट्या म्हणजे हे सगळं आठपट: पंप, झडपा, मोजमापाची उपकरणं आणि त्यांवर बसणारी प्रशिक्षित माणसं. खर्च ४५ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेला. या वर्गाच्या आणखी पाच नौका व्हायच्या होत्या, त्या रद्द झाल्या. पुढच्या ‘अमेरिका’ आणि ‘जॉन एफ. केनेडी’ पुन्हा तेलावर बांधल्या गेल्या. १९७५ साली ‘निमिट्झ’ आली ती दोनच, पण कितीतरी मोठ्या भट्ट्या घेऊन.

अणुशक्तीची नौका बंदराला न लागता वर्षानुवर्षं फिरू शकते हे खरं का? — नौकानयन अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पनवेल

नौका फिरू शकते, तिच्यावरची विमानं आणि माणसं नाही. एंटरप्राइझने पहिल्या इंधनावर तीन वर्षांत दोन लाखांहून जास्त मैल काटले. १९६४ साली ३१ जुलै ते ३ ऑक्टोबर या काळात ‘लाँग बीच’ आणि ‘बेनब्रिज’ या दोन अणुनौकांबरोबर तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ३० हजार मैलांहून जास्त प्रवास झाला आणि तिघींपैकी कुणीही चालण्यासाठी वाटेत इंधन घेतलं नाही.

पण जेट विमानं जेपी-५ नावाचं केरोसीनच्या जातीचं इंधन पितात आणि ते अणुभट्टीत तयार होत नाही. युद्धाच्या धामधुमीत काही दिवसांआड पुरवठा जहाजाशेजारी जावंच लागतं. दोन्ही जहाजं साधारण १२-१३ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सारख्या वेगाने, मध्ये ४०-६० मीटर अंतर ठेवून चालतात आणि ताणलेल्या दोरावरून रबरी नळ्या पलीकडे जातात. त्याच वेळी बॉम्ब, धान्य आणि भाजीपाला येतो. या दोन-चार तासांत नौकेला सहज वळता येत नाही. अणुशक्ती असली तरी ही घडी चुकत नाही.

फायदा कुठे झाला ते बघा. स्वतःसाठीचं हजारो टन तेल वाहायचं नसल्याने ती जागा विमानांच्या इंधनाला आणि दारूगोळ्याला मिळाली. धुराडं नाही, म्हणून विमान उतरताना मागच्या हवेत गरम वायूचा गोंधळ नाही आणि धुरातल्या आम्लाने विमानांचा पत्रा व अँटेना खराब होत नाहीत. विमानाला डेकवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या, वाफेवरच्या कॅटापल्टलाही भरपूर वाफ मिळाली. मात्र दर उड्डाणाला थोडी वाफ हवेत जाते. ती भरून काढायला समुद्राचं पाणी उकळून शुद्ध पाणी करणारे संच सतत चालू ठेवावे लागतात. ते संच मंदावले की पहिली कात्री खलाशांच्या आंघोळीला लागते.

१९६९ च्या आगीत अणुभट्टीला धोका होता का? आग लागली कशी? — वाचक, कोल्हापूर

भट्ट्यांना काही झालं नाही, त्या डेकच्या कितीतरी खाली आणि जाड कवचात होत्या. आग पूर्णपणे वरच्या डेकवरची आणि तिचं मूळ एका साध्या गाडीत होतं.

१४ जानेवारी १९६९ ची सकाळ, हवाई बेटांजवळचा समुद्र. व्हिएतनामला जाण्याआधीचा सराव चालू होता. डेकच्या मागच्या भागात बॉम्ब आणि रॉकेटं लावलेली विमानं दाटीने उभी होती. जेट इंजिन सुरू करायला दाबाची हवा लागते, ती देणारी छोट्या टर्बाइनची गाडी असते. खलाशी तिला ‘हफर’ म्हणतात. तिच्या टर्बाइनचा गरम झोत बाजूने बाहेर पडतो. त्या दिवशी गाडी अशी उभी राहिली की हा झोत एका फँटम विमानाखालच्या झुनी रॉकेटच्या स्फोटक टोकावर थेट येत होता. झुनी हे ५ इंच व्यासाचं रॉकेट. स्फोटकाला ठिणगी लागत नाही, नुसती उष्णता पुरते. ठरावीक तापमानाला ते आपोआप उडतं.

८ वाजून काही मिनिटांनी ते उडालं. तुकड्यांनी विमानांच्या टाक्या फोडल्या आणि डेकवर जेपी-५ सांडून पेटलं. खरं तर जेपी-५ नौदलाने निवडलं ते ६० अंश सेल्सियसच्या खाली सहजी पेट घेत नाही म्हणून. पण स्फोटाच्या ज्वाळेपुढे हा दिलासा उरत नाही. पुढे आणखी रॉकेटं, मग ५०० पौंडी बॉम्ब आगीत भाजून फुटू लागले. एकूण १८ स्फोट, पोलादी डेकला ८ भोकं. खरं नुकसान या भोकांनी केलं: जळतं इंधन त्यांतून खालच्या मजल्यांवर ओघळलं आणि एका आगीच्या अनेक आगी झाल्या. २८ जण मृत्युमुखी पडले, ३१४ जखमी झाले, १५ विमानं गेली. सोबतची विनाशिका ‘रॉजर्स’ अगदी शेजारी येऊन पाणी मारत होती.

दीड वर्षापूर्वी, जुलै १९६७ मध्ये ‘फॉरेस्टल’वर अशाच आगीत १३४ माणसं गेली होती. तिथली प्रशिक्षित अग्निशमन तुकडी पहिल्या स्फोटांतच संपली आणि मागून आलेल्यांनी फेसावर पाण्याचे झोत मारून फेसच वाहून नेला. इंधनाच्या आगीवर फेसाचा थर हवा तोडतो, पाणी तो थर फाडतं आणि जळतं इंधन पुढे ढकलतं. त्यानंतर प्रत्येक खलाशाला आग विझवण्याचं शिक्षण देणं सुरू झालं. एंटरप्राइझ वाचली त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे, असं आमचं ठाम मत आहे. दोन्ही आगींनंतर बॉम्बवर उष्णतारोधक लेप आला, म्हणजे फुटण्याआधी काही जास्तीची मिनिटं हाती येतात. अणुस्फोटानंतर पडणारी किरणोत्सारी राख धुवायला डेकमध्ये बसवलेल्या फवाऱ्यांतून फेस सोडायची सोयही पुढे नौदलात आली. पर्ल हार्बरला दुरुस्ती झाली आणि मार्च उजाडता उजाडता नौका पुन्हा मोहिमेवर निघाली.

१९७१ मध्ये एंटरप्राइझ बंगालच्या उपसागरात आली तेव्हा आपल्या विक्रांतची तिच्यापुढे काय अवस्था होती? — निवृत्त नौसैनिक, कुलाबा

आकड्यांत तुलना होऊच शकत नाही. एंटरप्राइझ ९० हजार टनांच्या वर, ३४२ मीटर लांब, वेग ३३ नॉटच्या पुढे. विक्रांत भरलेली असताना जेमतेम २० हजार टन. त्यात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग फार खाली बांधून घ्यावा लागला होता. हे नुसतं पळण्याचं प्रकरण नाही. विमान उडताना डेकवरून समोरून येणारा वारा लागतो आणि तो बराचसा नौकेच्या वेगातून मिळतो. डिसेंबरात उपसागरात वारा पडलेला असतो. तरीही ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव, खुलना इथे मारा केला. ते कौशल्य कॅटापल्टवरच्या आणि बॉयलर खोलीतल्या माणसांचं.

एंटरप्राइझ १० डिसेंबरला व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून निघाली. एकटी असती तर तीन-चार दिवसांत पोचली असती. पण ‘टास्क फोर्स ७४’ या तिच्या ताफ्यातल्या सोबतच्या विनाशिका तेलावर चालणाऱ्या होत्या, पुरवठ्याची जहाजंही बरोबर होती. ताफा सिंगापूरजवळ जमवून मग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून १५ तारखेच्या सुमाराला हिंदी महासागरात आला. १६ ला ढाक्यात शरणागती झाली. एंटरप्राइझने एकही हल्ला केला नाही आणि जानेवारीत ती परत फिरली. ताफ्याचा वेग सर्वांत हळू गलबताचा असतो, हे अणुनौकेलाही चुकलं नाही.

इतकी रडारं असून १९८५ मध्ये ती खडकावर कशी आपटली? — वाचक, नागपूर

रडार पाण्याखाली पाहत नाही. २ नोव्हेंबर १९८५ ला कॅलिफोर्नियाजवळच्या कोर्टेस बँक या समुद्रातल्या उथळ भागातल्या बिशप खडकाला ती घासली. हा खडक पाण्याच्या थोडाच खाली आहे, पण नकाशावर नोंदलेला. तळाला लांब चीर पडली, प्रोपेलर दुखावला. दुहेरी तळ असल्याने नौका तरली आणि दुरुस्तीला गोदीत गेली.

गोव्यात नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, मुंबईत विक्रांतही काही वर्षं होती. एंटरप्राइझचं संग्रहालय का केलं नाही? — वाचक, वास्को

भट्ट्या बाहेर काढल्याशिवाय तिला लोकांसाठी उघडता येत नाही आणि भट्ट्या काढताना नौका उरत नाही.

भट्टी बंद केली तरी तिच्यातली उष्णता लगेच थांबत नाही. बंद केल्याच्या क्षणाला साधारण ६-७ टक्के उष्णता चालूच असते, दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. म्हणून आधी थंड पाणी फिरवत राहायचं, मग गोदीत वरचे डेक कापून भट्टीपर्यंत वाट करायची, झाकण उघडायचं आणि इंधनाचे संच एकेक करून जाड धातूच्या पेट्यांत भरायचे. या पेट्या रेल्वेने आयडाहोला जातात. इंधन बदलतानाही हीच पद्धत असते, शेवटी डेक परत जोडून घेतात. एंटरप्राइझचं १९६४-६५ मध्ये असं पहिलं इंधन बदललं, १९६९-७१ मध्ये दहा वर्षं पुरेल असं नवं भरलं. १९९० ते १९९४ अशी चार वर्षं ती याच कामासाठी न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत अडकून होती.

कायमचं काढताना मात्र नुसतं इंधन नाही, भट्टीचं किरणोत्सारी झालेलं पात्र आणि नळ्यासुद्धा काढाव्या लागतात. आठ भट्ट्यांसाठी पोट इतकं फाडावं लागतं की सांगाडा पुन्हा जोडणं परवडत नाही. ३ फेब्रुवारी २०१७ ला ती सेवेतून अधिकृतपणे उतरली आणि २०२५ मध्ये तिला अलाबामा राज्यातल्या मोबील इथे तोडायचं कंत्राट दिलं गेलं. तिचं काही पोलाद त्याच नावाच्या नव्या नौकेत वापरलं जात आहे.

एंटरप्राइझचं मॉडेल करतो आहे. कुठल्या सालचं करावं? खोक्यातले भाग आणि फोटो जुळत नाहीत. — मॉडेलकार, पुणे

आधी साल ठरवा, मगच गोंद उघडा. डेकवरची इमारत दोन तऱ्हेची आहे. १९७९ पर्यंत ती चौकोनी ठोकळा, चारही बाजूंना सपाट फळ्यांसारखी मोठी रडारं आणि डोक्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखा घुमट. ही रडारं सांभाळायला फार जिकिरीची होती, म्हणून १९७९-८२ च्या दुरुस्तीत फळ्या आणि घुमट दोन्ही काढून उंच डोलकाठी बसवली. तेव्हाच फॅलँक्स तोफाही (जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या) आल्या. तुमच्या खोक्यात घुमट आणि फॅलँक्स दोन्ही असतील तर त्यातलं एक बाजूला ठेवा.

विमानंही सालाप्रमाणे लावा. साठच्या दशकात फँटम, स्कायहॉक आणि व्हिजिलांटी. एफ-१४ टॉमकॅट १९७४ च्या मोहिमेपासून, त्याआधी नाही. नौकेच्या वर्गाचं अक्षर-नाव जून १९७५ पर्यंत ‘सीव्हीएएन-६५’, नंतर ‘सीव्हीएन-६५’, नावपट्टी करताना हे पाहा. तळाकडे चार प्रोपेलर आणि चार सुकाणू हवेत, दोनच असतील तर तो साचा दुसऱ्या नौकेचा आहे. लिफ्टही चार: तीन उजव्या कडेला, त्यांतल्या दोन इमारतीच्या पुढे, आणि एक डावीकडे मागे.