वहीतल्या खोडलेल्या बेरजा

ताई, माझ्या आईला (वय ७४) गेल्या महिन्यात अल्झायमरचं निदान झालं. बाबा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मी तिला तिच्या घरातून माझ्याकडे आणलं. भाऊ म्हणतो, "तू तिला तिथून उपटलंस, म्हणून हे झालं." मावशी ॲल्युमिनियमच्या भांड्यांना दोष देते. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संशोधन वाचत बसते आणि रोज एक नवीन कारण सापडतं. आई कमी ऐकू येतं म्हणायची, ते आम्ही चेष्टेवारी नेलं. ते आठवलं की झोप उडते. मी ४८ वर्षांची आहे. परवा आतल्या खोलीत गेले आणि कशाला आले तेच आठवेना. मीही त्याच वाटेवर आहे का? जनुकांची तपासणी करून घेऊ का? जाता जाता सांगते, आईचं सामान आवरताना तिची हिशेबाची वही सापडली. तीस वर्षं जिचा हिशेब कधी चुकला नाही, तिच्या सहा वर्षांपूर्वीच्या पानांवर बेरजा खोडून खोडून पुन्हा केलेल्या आहेत. बघून रडू आलं.
— एक अपराधी मुलगी

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "जाता जाता" म्हणून शेवटी टाकलीत. ती वही. घर बदललं दोन वर्षांपूर्वी आणि बेरजा चुकायला लागल्या सहा वर्षांपूर्वी. एका वहीवरून निदान होत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आईला आणल्यामुळे हे झालं, या आरोपाची तारीखच जुळत नाही.

खरं तर सहा वर्षंही कमीच. काही मोजक्या कुटुंबांत एकाच जनुकातल्या बदलामुळे हा आजार पिढ्यान् पिढ्या येतो आणि साधारण आईवडिलांना ज्या वयात लागला त्याच वयात मुलांनाही लागतो. त्यामुळे लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी मेंदूत काय चाललंय, हे अशा कुटुंबांत पाहता येतं. २०१२ साली अशा कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणांच्या अपेक्षित वयाच्या सुमारे २५ वर्षं आधी पाठीच्या कण्यातल्या द्रवातलं अमायलॉइड या प्रथिनाचं प्रमाण बदलायला लागलं होतं आणि सुमारे १५ वर्षं आधी मेंदूच्या स्कॅनमध्ये त्याचे थर दिसत होते. उतारवयात येणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्येही हे साठणं पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं, असंच दिसतं. म्हणजे आई पन्नाशीत असेल, तुम्ही पंचविशीच्या आसपास, तेव्हापासून हे चुपचाप चाललं असण्याची शक्यता आहे. त्या वेळी कोणी काय ओळखणार होतं?

भावाच्या बोलण्यात एक कण खरा आहे, तो नाकारू नका. ओळखीचं घर आजारी मेंदूला सांभाळून घेतं. कपाट कुठे, दिवा कुठे, हे हाताला ठाऊक असतं. घर बदललं की तो आधार जातो आणि आत झालेली पडझड एकदम सगळ्यांना दिसते. आजार दिसायला लागण्याची वेळ आणि आजार होण्याचं कारण यांची इथेच गल्लत होते. भावाचीही तीच झाली आहे.

मावशींचं लवकर आटपते. १९६०च्या दशकात सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर अल्झायमरमधल्या गुंत्यांसारखं काहीतरी दिसलं, तिथून ही भीती पसरली. ते गुंते वेगळे निघाले आणि भांड्यांमुळे अल्झायमर होतो असं नंतरच्या संशोधनात सिद्ध झालं नाही. मावशींशी वाद घालू नका, दमाल.

रोज नवीन कारण सापडतं, कारण एकच एक कारण नाहीच. १९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्या मृत रुग्ण ऑगस्ट डेटर यांच्या मेंदूत पेशींबाहेरचे थर आणि पेशींमधले गुंते पाहिले. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ म्हणतो. त्यानंतरची कित्येक दशकं संशोधक त्यांच्याच मागावर आहेत. पण अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर हे सगळं भरपूर सापडलं, तरी त्या शेवटपर्यंत तल्लख होत्या. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं आरोग्य, शिक्षण, जनुकं, दाह अशा अनेक गोष्टी एकत्र येतात, तेव्हा तोल जातो. थर हटवणारं लेकानेमॅब हे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबवली नाही. शिवाय मेंदूत सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका आहेच. नुसते थर हाच सगळा आजार असता, तर फरक याहून मोठा पडला असता, असं मला वाटतं.

ऐकण्याबद्दल मात्र तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) टाळता येण्याजोग्या १४ जोखमी आहेत. त्यांत बहिरेपण आहे, तसाच मध्यमवयातला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषणसुद्धा. या सगळ्या जोखमी नाहीशा झाल्या, तर जगभरातली स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील, असा तो अंदाज आहे. हा आकडा लोकसंख्येचा आहे. एकेका आईचं त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुम्ही चेष्टा केलीत म्हणून हे झालं, असं कुठलंही संशोधन म्हणू शकत नाही. पण कान आजही तपासता येतात. "आईला कळत नाही" असं आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं तिला ऐकूच आलेलं नसतं. या आठवड्यात जा. श्रवणयंत्राने आजार जाणार नाही, तुमच्या दोघींचं बोलणं सोपं होईल. शिवाय बी-१२, थायरॉइड आणि चालू गोळ्यांचे परिणाम हे सगळं पाहून झालंय ना, डॉक्टरांना विचारा.

आता तुमचं. एकाच जनुकामुळे थेट येणारा प्रकार एकूण रुग्णांच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि तो बहुधा पासष्टीच्या आत दिसतो. आईच्या बेरजा अडुसष्टाव्या वर्षी बिघडल्या, म्हणून तो इथे संभवत नाही असंच वाटतं. दुसरं जनुक एपीओई. त्याच्या चार क्रमांकाच्या रूपाने जोखीम वाढते, पण ते असलेल्या कित्येकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. त्या निकालाचं तुम्ही आज काय करणार? रक्तदाब सांभाळा, चाला, नीट झोपा, हे निकालाआधीही करायचं आणि नंतरही. म्हणून माझं मत, तपासणी नको. तरी करावीशी वाटलीच, तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. पहाटे दोनला फोनवरून किट मागवू नका. आणि खोलीत जाऊन विसरण्याचं म्हणाल, तर रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या, पाळीच्या उतरणीच्या वयातल्या, घरी आजारी आई असलेल्या बाईला सगळं आठवलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. तरीही विसरण्यामुळे कामं अडायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

भावाला वही दाखवा, पण पुरावा म्हणून समोर आपटू नका. "हे बघ, आईला तेव्हाच अवघड जात होतं, आपल्या दोघांनाही कळलं नाही," एवढंच म्हणा. "दोघांनाही" हा शब्द गाळू नका. लांब राहिलेल्या मुलाचा राग पुष्कळदा आपण तिथे नव्हतो याचाच असतो. मग त्याला एक ठरावीक काम द्या. दर रविवारी त्याने आईजवळ बसायचं आणि तुम्ही बाहेर जायचं.

आणि मग ती वही कपाटात ठेवू नका. एखादं कोरं पान उघडून पेनासकट आईच्या हातात द्या. तिला काय लिहायचं ते लिहू दे. बेरीज तपासायला जाऊ नका.