नागरिकाला परस्पर सीमेपार सोडलं तर कायदा काय करतो?

प्रश्न असा आहे: मुंबईत मजुरी करणाऱ्या बंगाली माणसाला बांगलादेशी ठरवून सीमेपार सोडलं, तर संरक्षण काय? आंतरराष्ट्रीय कायदा कामी येतो का?

संरक्षण आहे, पण माणूस सीमेच्या अलीकडे असेपर्यंतच ते लवकर मिळतं. जून २०२५ मध्ये दिल्लीतून उचललेली पश्चिम बंगालमधल्या बीरभूमची गरोदर बाई पाहा. गृह मंत्रालयाच्या मे महिन्यातल्या सूचनेत मूळ राज्याकडून पडताळणीला ३० दिवस दिले होते, आणि तिला काही दिवसांतच पलीकडे ढकललं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ४ आठवड्यांत परत आणायला सांगितलं. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. आठ वर्षांच्या मुलासह ती परतली डिसेंबरमध्ये.

म्हणून ‘आधार दाखवा, सुटाल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. पोलीस ठाण्यात आधी प्रक्रिया मागा: ताब्यात घेण्याचं कारण, वकील, २४ तासांत मॅजिस्ट्रेट. राज्यघटनेचे अनुच्छेद २१ (जीवन व स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) फक्त नागरिकांसाठी नाहीत. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार आपल्यावर असतो, १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही. पण जुलै २०२४ मध्ये आसामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की संशयाला आधार काय, ते आधी सरकारने दाखवायचं. स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावर कुणी परदेशी ठरत नाही.

उचलल्याची वेळ, ठाणं, गाडीचा नंबर लिहून ठेवा. त्याच दिवशी पोलीस आयुक्तांना आणि मूळ जिल्ह्याच्या कलेक्टरला मेल करा. लगेच उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा अर्ज), आणि सोबत ‘राज्याबाहेर नेऊ नये’ अशी अंतरिम मागणी. ही मागणी करायची राहिली की सुनावणीआधीच माणूस सीमेवर पोहोचतो. पैसे नसतील तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

जन्म १ जुलै १९८७ नंतरचा असेल तर आईवडिलांचेही कागद लागतात. त्यांची नावं असलेली जुनी मतदारयादी, जमिनीचे कागद गावाकडून मागवा. प्रती नातेवाइकाकडे ठेवा, मोबाइल काढून घेतला जातो.

आंतरराष्ट्रीय करारांवर विसंबू नका. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं अनुच्छेद १३ परदेशी माणसाला म्हणणं मांडू देतं, पण भारताने त्यावर आपला कायदा लावायचा अधिकार राखून ठेवलाय. छळविरोधी करारावर भारताची १९९७ ची नुसती सही आहे, तो पक्का स्वीकारलेला नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं १२(४) मात्र अर्जात घाला: स्वतःच्या देशात येण्याचा हक्क मनमानीने काढून घेता येत नाही.

माणूस खरंच परदेशी असेल, तर राहण्याचा हक्क मागू नका. १९५५ पासून न्यायालयांनी तो मानलेला नाही. कारण मात्र त्यालाही सांगावं लागतं, वकीलही भेटू द्यावा लागतो.