आधी लॅपटॉप कपाटातून काढा

प्रश्न : मुलगी भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत ६८ टक्के. उपग्रहाच्या चित्रांत घरांच्या छतांवरची सोलर पॅनल शोधून नकाशावर खुणा करत तासन्‌तास बसते. वीज कंपनीकडे ही यादी असतेच ना? बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करावा म्हणून आम्ही लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. तिला समजवा. – एक वडील

उत्तर : ६८ टक्क्यांची मला काळजी नाही, त्या कुलपाची आहे. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. ती हे का करते, हे तुम्ही तिला विचारलंय का? हातातलं काम काढून घेतलं की मुलं पुस्तक उघडून बसतात, पण वाचत नाहीत. आणि हळूहळू घरात बोलणंही बंद करतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय. पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलीला अशी शिक्षा देणं मला साफ चुकीचं वाटतं.

आता त्या यादीबद्दल. अशा यादीत बहुतेकदा पत्ता आणि किलोवॅट असतात. पॅनलचं तोंड कुठे, उतार किती, ते अजून जागेवर आहे का, हे त्यातून कळेलच असं नाही. पश्चिमेकडे तोंड केलेलं पॅनल दुपार कलल्यावर जास्त वीज देतं, पूर्वेकडचं सकाळी. शिवाय घरातच वापरली गेलेली वीज ग्रिड चालवणाऱ्यांना दिसत नाही. त्यांना फक्त मागणी घटलेली दिसते. ढग आले की तीच मागणी एकदम उसळते. कोणत्या ट्रान्सफॉर्मरखाली किती पॅनल आहेत हे ठाऊक नसेल, तर नियोजन अंदाजपंचेच होणार. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर अशाच खुणा केल्या. संशोधकांनी त्या सरकारी नोंदींशी जुळवल्या आणि २०२० मध्ये अडीच लाखांहून जास्त सौरसंचांची माहिती सर्वांसाठी खुली केली.

हे काम संगणकही करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डीपसोलर’ या संगणकप्रणालीने २०१८ मध्ये अमेरिकेत सुमारे १४.७ लाख संच शोधले. पण त्याला शिकवायला माणसांनी तपासलेली चित्रं लागलीच. वरून पाहताना सोलर वॉटर हीटरही गडद चौकोनच दिसतो. त्याच्या वरच्या कडेची फिकट, आडवी टाकी दिसली तरच फरक कळतो. तुमच्या मुलीची नजर त्यात तयार होते आहे.

तिलाही स्पष्ट सांगतो : नुसत्या खुणा करून पोट भरणार नाही. संख्याशास्त्र, पायथन ही संगणकाची भाषा आणि वीजवितरणाची मूलभूत माहिती आत्ताच घ्यायला लाग. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यावर एका वस्तीचा नकाशा पुरा कर आणि कोणत्या तासाला किती वीज येईल याचा हिशेब मांड. नोकरी मागताना तोच दाखवता येईल. पुढे जिओइन्फर्मॅटिक्सची, म्हणजे संगणकावर भौगोलिक माहिती हाताळण्याच्या शास्त्राची, पदव्युत्तर पदवी किंवा ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेतला जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि नकाशाशास्त्राचा) पेपर आहेच.

बँकेची परीक्षा तिला द्यावीशी वाटली तर ती देईल. तुम्ही आज कुलूप काढा, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि एखादं छत दाखवायला सांगा. पुढचं पत्र मला तिच्याकडून हवंय.