दंडारीसाठी, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यासाठी, लिहू लागलेल्या सोबत्यास

कापूस वेचणाऱ्या बाईच्या तोंडी तू वर्गसंघर्षाचे अख्खे भाषण घातले आहेस, ते आधी काढ. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८८८ मध्ये कादंबरीकार मार्गारेट हार्कनेस यांना लिहिले होते की लेखकाची मते जितकी झाकलेली राहतील तितके कलाकृतीसाठी बरे, आणि राजेशाहीचा पक्षपाती असूनही फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने सरदारवर्गाचा ऱ्हास दाखवला, हा एंगल्सला वास्तववादाचा मोठा विजय वाटला. याचा अर्थ बाजू घेऊ नये असा मुळीच नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा या कम्युनिस्ट कलापथकाने ती उघडपणे घेतली, परंतु तमाशाचा बाज पक्का सांभाळून. तू वेचणीची मजुरी, काट्यावरची कपात आणि सावकाराचे व्याज नेमके दाखव. पहिला प्रयोग मात्र त्या वेचणाऱ्या बायांपुढेच कर.